सोल खालून चांगला दिसतोय, तरी शूज संपले?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. आठवड्यातले पाच दिवस सकाळी साधारण पाच किलोमीटर होतात. निम्मं अंतर चालते, निम्मं हळूहळू पळते. दोन संध्याकाळी इनडोअर कोर्टवर बॅडमिंटन असतं आणि दोन दिवस जिममध्ये वजनं. या सगळ्याला दोन वर्षं एकच रनिंग शूज वापरतेय. सोल खालून अजून चांगला दिसतो, नक्षीही बऱ्यापैकी शिल्लक आहे. पण महिन्याभरापासून पळून आल्यावर नडग्या ठणकतात, आणि मागच्या आठवड्यात खेळताना उजवा पाय मुरगळता मुरगळता वाचला. दुकानात विक्रेत्याने पायांकडे नुसतं पाहून सांगितलं, "तुमचे पाय सपाट आहेत, सपोर्टवालेच घ्या." प्रत्येक व्यायामाला वेगळा जोड लागतो का? बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? आणि सेल लागला की एकदम दोन-तीन जोड घेऊन ठेवले तर चालतील का?

उत्तर : नमस्कार. तुम्हाला चार नाही, दोन जोड लागतील. एक चालण्या-पळण्यासाठी, दुसरा बॅडमिंटनसाठी. हा दुसराच जिममध्येही चालेल. आत्ता पायात आहे तो जोड मात्र पळण्यासाठी आणि खेळण्यासाठी आजपासून बंद करा. पैसे एकदम दोन जोडांवर घालणं जमणार नसेल, तर आधी बॅडमिंटनचे घ्या आणि पळण्याचे येईपर्यंत पळणं थांबवून नुसतं चाला. नडगी हळूहळू कुरकुरते, पण घोटा एका क्षणात जातो आणि पुढचे दोन महिने घरी बसवतो.

आधी हिशेब करू. आठवड्याला २५ किलोमीटर म्हणजे दोन वर्षांत सुमारे अडीच हजार किलोमीटर, शिवाय बॅडमिंटन आणि जिम वेगळंच. रनिंग शूजचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. हा काही कायदा नाही. वजन जास्त असेल, खडबडीत रस्ता असेल, पाय आपटत पळायची सवय असेल तर ५०० च्या आतच शूज थकतात. हलकं शरीर, सपाट रस्ता आणि निम्मं चालणं असेल तर ८०० च्याही थोडं पुढे जातात. पण अडीच हजार हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता सोल चांगला दिसतो, याबद्दल. खालून दिसतो तो आउटसोल, म्हणजे जमिनीला लागणारं रबर. हल्लीचं रबर चिवट असतं, ते सहज टिकतं. धक्का सोसायचं काम त्याचं नाहीच. ते काम त्याच्या वरच्या जाड थराचं, मिडसोलचं. हा थर फोमचा असतो, बहुतेक शूजमध्ये ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा किंवा त्याच्या भावंडांचा. फोममध्ये हवेचे असंख्य बारीक बंद कप्पे असतात. पाय पडला की ते दबतात, उचलला की पुन्हा फुगतात. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि एका किलोमीटरला एकेका पायावर पाचशेच्या आसपास पावलं पडतात. काही लाख वेळा दबल्यावर कप्प्यांच्या भिंती मोडतात, फोम बसतो, आणि जुन्या गादीसारखा एकदा बसला की परत उठत नाही. बाहेरून फारसं काही दिसत नाही. टाचेखाली मात्र दर पावलाला थोडं जास्त कडक लागायला लागतं. हा बदल इतका सावकाश होतो की पायाला तो कळत नाही, नडगीला कळतो.

मिडसोल बसला की नाही हे घरी दहा मिनिटांत तपासता येतं. शूज खिडकीपाशी उजेडात धरा आणि मिडसोलची बाजू पाहा. टाचेजवळ आणि चवड्याजवळ आडव्या बारीक सुरकुत्या दिसतील. पाय आत असताना सुरकुत्या पडणं ठीक, पण रात्रभर रिकामा ठेवलेल्या शूजवरही त्या खोल आणि ठसठशीत असतील तर फोम थकलाय. मग आतला सुटा इनसोल काढा आणि अंगठ्याने मिडसोल दाबा. आधी तळव्याच्या कमानीच्या बाजूला, जिथे भार कमी येतो, तिथे. नंतर टाचेच्या मधोमध. टाचेपाशी अंगठा आत जातच नसेल, किंवा गेल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर निकाल लागला. तिसरी परीक्षा टेबलावरची. दोन्ही शूज सपाट टेबलावर ठेवा, डोळे टेबलाच्या उंचीवर आणा आणि मागून पाहा. टाचेची मागची उभी शिवण सरळ असायला हवी. ती आत किंवा बाहेर कलली असेल तर एका बाजूचा फोम जास्त बसलाय, आणि तुमचा पाय रोज त्याच उतारावर उभा राहतोय.

आउटसोलच्या झिजेवरून लोक फार अर्थ काढतात. टाचेच्या बाहेरच्या कडेला झीज दिसणं अगदी सामान्य आहे, बहुतेकांचं पाऊल तिथेच आधी टेकतं. त्यावरून चालण्यात दोष आहे असं ठरवू नका. रबर झिजून खालचा फोम उघडा पडला असेल, किंवा एका पायाची झीज दुसऱ्यापेक्षा ठळकपणे वेगळी असेल, तरच दखल घ्या.

या सगळ्यापेक्षा भरवशाची एक युक्ती आहे, आणि ती दुकानदारांना फारशी आवडत नाही. जुने शूज घालूनच दुकानात जा. त्याच मॉडेलचा किंवा त्याच्या जवळचा नवा जोड मागा. एका पायात नवा, एका पायात जुना घालून दुकानात दोन फेऱ्या मारा, चार-सहा उड्या मारा. कुठल्याही कोष्टकापेक्षा हे स्पष्ट सांगतं.

"नवा इनसोल टाकला तर भागेल का?" हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. नाही भागणार. इनसोल तीन ते पाच मिलिमीटरचा, मिडसोल त्याच्या कितीतरी पट जाड आणि चिकटवलेला. इनसोल बदलून आतलं अस्तर नवं होतं, धक्का सोसण्याची ताकद परत येत नाही.

आता घोट्याकडे वळू. इथे दोष शूज जुने असण्याचा कमी आणि चुकीचे असण्याचा जास्त आहे. नवेकोरे रनिंग शूज असते तरी पाय मुरगळला असता, कदाचित जास्तच.

पळताना पाऊल एकाच दिशेने जातं, पुढे. म्हणून रनिंग शूज उंच असतो. टाचेखाली तीस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मऊ फोम आता सर्रास असतो. वरचा भाग हलक्या जाळीचा असतो. बॅडमिंटनमध्ये तुम्ही पुढे, मागे, तिरकं, आडवं जाता आणि दर दोन सेकंदांनी थांबता. नेटजवळचं शटल उचलायला उजवा पाय तिरका टाकून वाकलात की सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. मऊ फोमची ती कड दबते, जाळी ताणते, पाऊल शूजच्या आतच बाहेरच्या बाजूला सरकतं आणि इनसोलच्या कडेवरून खाली उतरू पाहतं. पाय जमिनीपासून जितका उंच तितका घोट्याला कलंडायला वाव जास्त. त्यात रनिंग शूजच्या टाचेचा भाग बाहेर पसरलेला असतो, तो आडव्या हालचालीत तरफेसारखा वागतो आणि घोटा आणखी जोरात फिरवतो.

बॅडमिंटनचे शूज याच्या बरोबर उलट बांधलेले असतात. पाय जमिनीच्या जवळ. मिडसोल पातळ आणि घट्ट. करंगळीच्या बाजूला सोल थोडा बाहेर काढलेला, आणि तिथे वरच्या कापडावर जाड पट्टी. खाली गम रबर, पिवळसर तपकिरी, हाताला थोडं चिकट लागणारं. लाकडी किंवा सिंथेटिक मॅटवर पकड देतं ते हेच. बऱ्याच इनडोअर कोर्टवर डाग न पाडणारा सोल सक्तीचा असतो, तो नियमही यात आपोआप पाळला जातो. विकत घेताना शूज दोन्ही हातांत धरून टॉवेल पिळल्यासारखा पिळा. रनिंग शूज बऱ्यापैकी पिळला जातो. कोर्टच्या शूजने मधल्या भागात विरोध करायला हवा. मग वाकवा. चवड्यापाशी वाकला तर ठीक. मधोमध, कमानीखाली दुमडला तर तसाच परत द्या.

हे शूज घालून घरातून कोर्टपर्यंत चालत जाऊ नका. गम रबर रस्त्यावर झपाट्याने झिजतं आणि धूळ धरतं. धूळ बसलेलं रबर घसरतं, आणि घसरणारा सोल मुरगळणाऱ्या सोलइतकाच वाईट. पिशवीतून न्या, कोर्टवर बदला, खेळण्याआधी ओलसर फडक्याने सोल पुसा. कोर्टचे शूज किलोमीटरवर मोजायचे नसतात. अंगठ्याच्या गोटीखालची, जिथे पाय गर्रकन फिरतो तिथली नक्षी गुळगुळीत झाली, पुसूनही सोल घसरायला लागला, किंवा बाजूची पट्टी ढिली होऊन पाय आत हलायला लागला, की बदला. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा डावा पाय वाकताना मागे फरफटतो, त्यामुळे डाव्या शूजची अंगठ्याजवळची आतली बाजू आधी फाटते. तिथे जादा रबर असलेलं मॉडेल मिळालं तर घ्या, महिने वाढतात.

जिमसाठी वेगळा जोड नको असं म्हटलं, त्याचं कारण हेच. वजनं उचलताना पायाखाली मऊ काहीही नको. स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन उठाबशा, करताना मऊ फोम टाचेखाली एका बाजूला जास्त दबतो, गुडघे त्याच्या मागे जातात आणि तोल सांभाळण्यात निम्मी ताकद जाते. बॅडमिंटनचा शूज सपाट, घट्ट आणि रुंद असल्याने तुमच्या वजनांना पुरेसा आहे. जिमच्या ट्रेडमिलवर पळणार असाल तर मात्र रनिंग शूज सोबत न्या. पट्ट्यावर रबर कमी झिजतं, फोम तितकाच दबतो, म्हणून ते किलोमीटरही हिशेबात धरा. पुढे कधी खांद्यावर बार घेऊन जड स्क्वॉट करायला लागलात आणि टाचा उचलल्या जातात असं दिसलं, तर वेटलिफ्टिंगचे शूज पाहा. त्यांची टाच कडक आणि साधारण १५ ते २० मिलिमीटर उंच असते, त्यामुळे घोटा कमी वाकला तरी खोल बसता येतं. जमिनीवरून बार उचलायच्या डेडलिफ्टला उलट हवं, जितका पातळ सोल तितकं बरं.

चालणं आणि पळणं यांसाठी दोन जोड करायची गरज तुम्हाला नाही. पळायच्या शूजमध्ये चालता येतं. नुसत्या चालण्यासाठी बनवलेल्या जोडात पळणं तितकंसं बरं नाही, कारण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, भार जेमतेम शरीराच्या वजनाइतका येतो आणि शूज त्या बेताचाच असतो.

आता विक्रेत्याने सांगितलेले सपाट पाय. ओला पाय फरशीवर टेकवून ठसा बघायचा आणि ठशावरून 'न्यूट्रल' (साधा), 'स्टॅबिलिटी' (सपोर्टवाला) किंवा 'मोशन कंट्रोल' (त्याहून कडक सपोर्टचा) शूज ठरवायचा, ही पद्धत अनेक वर्षं चालली. ऐकायला ती शास्त्रीय वाटते. अमेरिकेच्या सैन्यात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये प्रशिक्षणार्थींवर तिची परीक्षा झाली. ते अभ्यास २००९-१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. काहींना तळव्याच्या आकारानुसार शूज दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या मुद्द्यावर लिहिताना आरामाला महत्त्व दिलं: पायाला जो शूज सगळ्यात सुखाचा वाटतो, तोच बहुधा त्या पायाच्या नैसर्गिक हालचालीला साजेसा असतो.

तेव्हा सपाट पाय दुखत नसतील तर तो आजार नाही. सपोर्टवाला शूज घालून बघा, साधाही घालून बघा. सपोर्टवाल्याची कमानीखालची उंची टोचत असेल तर तो तुमचा नव्हे. वेगळी गोष्ट अशी, की एकाच पायाची कमान गेल्या काही महिन्यांत खाली आली असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल आणि त्या एका पायावर चवडा टेकवून टाच उचलता येत नसेल, तर शूजच्या दुकानात न जाता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

माप घेण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचे शूज आखूडच असतात. दिवसभरात पाय सुजतात, पळतानाही सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्या. कोऱ्या कागदाची एक कड भिंतीला भिडवा, टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा, पूर्ण भार त्या पायावर द्या, पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतं असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा. फरक निघाला तर मोठा पाय धरायचा. रनिंग शूजमध्ये त्या बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी हवी. बॅडमिंटनच्या शूजमध्ये त्याहून थोडी कमी, नाहीतर थांबताना पाय पुढे घसरून नखं काळी पडतात.

नंबरावर मात्र फार विसंबू नका. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा, अर्ध्या नंबराचा सव्वाचार. युरोपीय मापात एका नंबराचा सहा-सात मिलिमीटरचा. अमेरिकी मापात तर पुरुषांचे आणि स्त्रियांचे आकडे वेगळे चालतात. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा निराळा. जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडा असतो, तुलनेला तो बरा. खरी खात्री इनसोलवरून होते. तो बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर टाच मागच्या कडेला लावून उभ्या राहा. पुढे किती जागा उरते ते दिसेल. त्याहून महत्त्वाचं, चवड्याचा भाग इनसोलच्या कडेबाहेर ओसंडतो का ते दिसेल. ओसंडत असेल तर लांबी वाढवून उपयोग नाही, रुंदी वाढवायला हवी. लांब शूज घेऊन रुंदी मिळवणारे लोक पुढे टाच सुटते म्हणून लेस आवळतात आणि मग पायाची वरची बाजू बधिर होते म्हणून तक्रार करतात. बऱ्याच कंपन्या रुंद साचाही काढतात. तो बायकांच्या विभागात नसेल तर पुरुषांचा बघा, त्यांचा नेहमीचा साचाच जास्त रुंद असतो.

दुकानात खेळायचे किंवा पळायचे मोजे घालून जा. दोन्ही पायांत घाला, लेस पूर्ण बांधा, दहा मिनिटं तरी पायात ठेवा. मेमरी फोमचा मऊ इनसोल पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांनाच भुरळ घालतो. आठव्या मिनिटाला काय वाटतं ते बघा. 'वापराल तसे सैल होतील' हे चामड्याच्या बुटांना ठीक, स्पोर्ट्स शूज दुकानात चावला तर घरीही चावणार. टाचेची मागची वाटी बोटांनी दाबून बघा, ती सहज चेपता कामा नये. नवा शूजही टेबलावर ठेवून मागून बघाच. कारखान्यातून वाकडा चिकटलेला जोड अधूनमधून निघतो.

चालताना टाच थोडी सुटत असेल तर नंबर बदलण्याआधी लेस बदलून बघा. घोट्याजवळ सगळ्यात वर एक जादा भोक असतं, बहुतेक लोक ते वापरत नाहीत. लेस नेहमीप्रमाणे त्याच्या खालच्या भोकापर्यंत आणा. मग प्रत्येक बाजूची लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकातून बाहेरून आत घाला, की एक छोटा फास तयार होतो. उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून ओवा, खालच्या दिशेने ओढून घट्ट करा आणि मग नेहमीची गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि बोटांवर दाब येत नाही. पायाच्या वर एखाद्या ठिकाणीच टोचत असेल, तर तेवढ्या जागी लेस आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या.

घेताना टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो विचारा. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये तो ८ ते १२ मिलिमीटर असतो, काहींत ४, काहींत शून्य. तुमच्या जुन्या जोडाचा जो असेल त्याच्या जवळचा घ्या. एकदम १० वरून ४ वर आलात तर तो ताण पोटरीला आणि टाचेच्या मागच्या शिरेला सोसावा लागतो. आत्ता नडगी दुखत असताना हा प्रयोग नको. कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे महागडे शूज तर अजिबात नकोत. ते वेगासाठी असतात, चालायला अस्थिर असतात आणि बरेचसे लवकर संपतात.

नवे आल्यावर पहिला आठवडा अंतर निम्मं ठेवा. सुती मोजे टाळा, घाम धरून फोड आणतात. वापर सुरू केल्याची तारीख इनसोलच्या खालच्या बाजूला मार्करने लिहा. तुमच्या २५ किलोमीटरच्या हिशेबाने विसाव्या आठवड्यात ५०० होतील आणि बत्तिसाव्यात ८००. विसाव्यापासून दर पंधरा दिवसांनी अंगठ्याची आणि टेबलाची परीक्षा करत जा.

पुढेमागे पळणं वाढलं तर रनिंगचेच दोन वेगळे जोड आलटून पालटून वापरायला सुरुवात करा. लक्झेंबर्गमधल्या हौशी धावपटूंच्या एका अभ्यासात असं करणाऱ्यांना दुखापती कमी झालेल्या आढळल्या. पायावर येणारा ताण रोज एकाच जागी पडत नाही, हे त्यामागचं कारण मानतात. शूज वाळायला वेळ मिळतो हा वरचा फायदा.

वाळवणं म्हणजे उन्हात टाकणं नव्हे. कडक ऊन, हीटर, हेअर ड्रायर यांनी सोलचा गोंद सुटतो आणि फोम आकसतो. वॉशिंग मशीनही नको. लेस आणि इनसोल काढा, जुन्या टूथब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घासा, आत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद कोंबा, तासाभराने तो बदला आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. पूर्ण भिजलेल्या जोडाला वाळायला एक दिवस सहज लागतो.

इतर व्यायाम करणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात: झुंबा आणि एरोबिक्सला चवड्याखाली कुशन हवं पण खोल नक्षी नको, नाहीतर सोल जमिनीला धरून राहतो आणि गिरकी गुडघ्यात जाते. दोरीच्या उड्यांनाही चवड्याखालचंच कुशन महत्त्वाचं. डोंगरवाटांवर पळायला चार-पाच मिलिमीटर खोल दातांचा सोल लागतो, तोच डांबरी रस्त्यावर वापरलात तर दात भराभर झिजतात. कृत्रिम गवतावर फुटबॉल खेळणाऱ्यांनी नैसर्गिक मैदानाचे लांब स्टड घालू नयेत. ते रुततात, पाय अडकतो आणि शरीर फिरतं. आणि मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर शूज कुठे चावतो हे कळणारच नाही. दर वेळी घालण्याआधी आत हात फिरवून खडा, शिवण, दुमडलेला इनसोल तपासा आणि शूज डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निवडा.

तुमच्या नडगीबद्दल एक इशारा. शूज हे एक कारण असू शकतं, एकमेव असेलच असं नाही. महिन्याभरापूर्वी अंतर किंवा वेग वाढवला होता का, ते आठवा. हाडाच्या आतल्या कडेला लांबवर, बोटभर नव्हे तर वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर दोन आठवडे पळणं बंद ठेवून नुसतं चाला, मग नव्या शूजवर थोडं थोडं वाढवा. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच बिंदूवर दुखत असेल, रात्री झोपेत किंवा साधं चालतानाही ठणकत असेल, तर ते हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतं. तेव्हा पळणं ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

राहिला सेल. एक जादा जोड घेऊन ठेवायला हरकत नाही, तीन नको. शूज न वापरताही म्हातारे होतात. गोंद वाळतो, रबर कडक होतं. पॉलियुरेथेनचा मिडसोल असेल तर हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंची साखळी आतल्या आत तुटत जाते, आणि पाच-सात वर्षं खोक्यात नीट ठेवलेला कोरा जोड पहिल्याच फेरीत सोलचा भुगा करत निघतो. सेलमध्ये बहुधा जुना माल असतो, म्हणून जिभेवरच्या लेबलवर बनवल्याची तारीख छापली आहे का पाहा. दोन वर्षांपूर्वीची असेल तर सूट कितीही असो, सोडून द्या. जादा जोड घेतलाच तर तो नेहमीच्या आणि आधी किमान शंभरेक किलोमीटर वापरून पारखलेल्या मॉडेलचा असावा. तो हवेशीर कपाटात ठेवा, गाडीच्या डिकीत नको, आणि पहिला जोड संपेपर्यंत थांबण्यापेक्षा चारशे किलोमीटरच्या सुमारास दुसराही अधूनमधून काढा. जुना-नवा फरक मग पायालाच कळतो.